पाठीचा बाक आणि छातीतली जळजळ

आपल्याकडे म्हातारपणी पाठ वाकणे हा वयाने वसूल केलेला कर समजतात, आणि पित्त हा तर ज्याच्या त्याच्या प्रकृतीचाच भाग. माझ्या आईच्या बाबतीत ही दोन प्रकरणे कित्येक वर्षे निरनिराळी चालली. एकाच मुळातून उद्भवलेले दोन दावे एकत्र चालवावेत, असा अर्ज आम्ही वकील कोर्टात देतो. शरीराच्या दरबारी तसा अर्ज कोणी दिला नव्हता. लुगड्याचा घोळ पायांत येऊ लागला तेव्हा आईने दोष लुगड्याला दिला. रात्री घशाशी आंबट येई, तेव्हा एका डॉक्टरांनी तिखट वर्ज्य करावयास सांगितले. तिने जन्मात कधी तिखट खाल्ले नव्हते!

पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी पाठीचे क्ष-किरण चित्र काढविले. हाडे ठिसूळ होऊन तीन मणके पुढच्या अंगाने चेपले होते, पाचरीसारखे.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल असते. त्यातील एका भोकातून अन्ननलिका खाली उतरते. जठराच्या तोंडाशी स्नायूंचे कडे असते आणि श्वासपटल ते बाहेरून आवळून धरते. कणा पुढे झुकला की बरगड्या कमरेकडे येतात, पोटाची पोकळी आखूड होते व आतला दाब वाढतो. मग जठराचा वरचा भाग त्या भोकातून छातीत सरकू लागतो, पकड सैल होते आणि आम्ल वर चढते. जपानमध्ये वृद्ध स्त्रियांची जी पाहणी झाली, तीतही पाठीचा, विशेषतः कमरेचा, बाक आणि ही जळजळ यांची सांगड आढळली. अर्थात सांगड म्हणजे शाबिती नव्हे. ताठ कण्याच्या माणसालाही आम्लपित्त होते, आणि वाकलेल्या प्रत्येकाला होत नाही. पण आईच्या प्रकरणात परिस्थितिजन्य पुरावा मला पुरेसा वाटला.

खरा पेच उपायांत होता. हाडे बळकट करणारी नेहमीची गोळी अन्ननलिकेला झोंबते. ती पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास आडवे व्हावयाचे नसते. उलट आम्ल दाबणारी औषधे दीर्घकाळ घेतल्यास हाडे मोडण्याचा संभव वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने २०१० साली दिला होता. एका पक्षाचा साक्षीदार दुसऱ्या पक्षाला फितूर व्हावा, तशातला हा प्रकार. अखेर हाडांचे औषध वर्षातून एकदा शिरेतून द्यावयाचे ठरले, आणि आम्लाचे औषध बेताने. खाटेच्या उशाकडील पायांखाली सहा इंचांचे ठोकळे घातले, रात्रीचे जेवण दिवेलागणीलाच उरकू लागलो. निजताना डावी कूस धरावी, कारण त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खाली राहते, असे डॉक्टर म्हणाले. वामकुक्षी हा शब्द ज्यांनी घडविला त्यांची मला तेव्हा आठवण झाली. मात्र जेवल्याबरोबर आडवे होणे त्यांच्या पुण्याईवरही खपत नाही. दोन-तीन तास जावे लागतात.

भागवताच्या दशम स्कंधात श्रीकृष्णाने कुब्जेच्या पावलांवर आपले पाऊल दाबून, हनुवटीला दोन बोटे लावून तिला सरळ उभी केली. आमच्या डॉक्टरांनी असले काही कबूल केले नाही. चेपलेला मणका बहुधा पूर्ववत होत नाही. पाठीच्या स्नायूंना व्यायाम देऊन बाक आणखी वाढू न देणे, एवढेच हाती असते.

त्यांनी कमरेतून वाकण्याची मात्र सक्त मनाई केली. त्याने मणक्यावर भार येतो आणि आम्लही वर येते. देवीच्या उंबरठ्यावर डोके टेकण्याची आईची सवय साठ वर्षांची. मी ही मनाई सांगितली तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, तिनंच मला वाकवून ठेवलंय. आणखी वेगळं काय वाकायचं?"

पुढच्या शुक्रवारी ती सभामंडपात खांबाला धरून उभी राहिली. हात जोडले. पुजाऱ्यांनी तीर्थ दिले, ते तिने पुन्हा एकदा मागून घेतले.