६६ मिनिटं

उद्या मी जी शर्यत पळणार आहे तिला जपानीत 'एकिदेन' म्हणतात. रिलेच, पण शाळेच्या ग्राउंडवरच्या चार बाय शंभरसारखी नाही. लांब पल्ल्याची, रस्त्यावरची, आणि हातात बॅटन नसतो. खांद्यावरून तिरका घालायचा एक कापडी पट्टा असतो, त्याला तासुकी म्हणतात. एकाने घामाने भिजवलेला पट्टा पुढच्याने घालायचा, त्याने तो त्याच्या पुढच्याला द्यायचा. (शी वगैरे म्हणून झालंय माझं.)

मी खरं तर सुट्टीवर आलेय. दादा-वहिनी तोक्योत निशिकासाईला राहतात. तिथे इतके भारतीय आहेत की जिरं-हिंग आणायला फार लांब जावं लागत नाही. दादाच्या ऑफिसच्या टीममधल्या एकीचा घोटा मुरगळला आणि दादाने परस्पर सांगून टाकलं, "माझी बहीण पळते." पळते खरी. डोंबिवलीत, पहाटे साडेपाचला, एकटी. दिवसभरात तेवढा एकच तास मला कुणी हाक मारत नाही, म्हणून पळते. टीमबिम मला नकोच होती.

'एकि' म्हणजे ठाणं आणि 'देन' म्हणजे पुढे पोचवणं. पूर्वी राजरस्त्यावर ठाण्याठाण्यावर घोडे बदलत सरकारी निरोप जायचे, आपल्याकडे डाकेच्या चौक्या असायच्या तसं. १९१७ साली राजधानी तोक्योला येऊन ५० वर्षं झाली म्हणून क्योतो ते तोक्यो असं पाचशेहून जास्त किलोमीटर माणसं रात्रंदिवस आळीपाळीने पळाली. ती पहिली एकिदेन. १९२० पासून कॉलेजांची हाकोने एकिदेन सुरू झाली. तोक्यो ते हाकोनेचं तळं आणि परत, १० जण, दोन दिवस, २१७.१ किलोमीटर. पाचव्या टप्प्यावर तर सरळ डोंगर चढायचा. २ आणि ३ जानेवारीला लोक सकाळपासून टीव्हीसमोर असतात. वहिनीसुद्धा. तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, पण कुठल्या कॉलेजचा पट्टा कुठल्या रंगाचा हे पाठ आहे.

या वर्षी मीही तिच्यासोबत बसले. नवल वाटलं ते जिंकणाऱ्यांचं नाही. पट्टा बदलायच्या ठिकाणी एक पोरगा मागे वळून बघत उभा होता. पहिल्या टीमनंतर ठरावीक मिनिटांत तुमचा माणूस आला नाही, तर रस्ता मोकळा करायचा म्हणून पुढच्याला तसंच सोडतात, संयोजकांचा पट्टा घालून. टीम शर्यतीत राहते, वेळही मोजली जाते, पण सकाळपासून हातोहात आलेला पट्टा तिथेच तुटतो. तो पोरगा निघाला आणि काही सेकंदांत त्याचा मित्र पट्टा हातात ताणून धरून आला. समोर कुणीच नाही. वहिनीने डोळे पुसले. मी चहा टाकायला उठले.

आमची शर्यत अगदी साधी आहे. आराकावा नदीच्या काठाने, हौशी लोकांची. मॅरेथॉनचेच ४२.१९५ किलोमीटर सहा जणांत वाटलेले: ५, १०, ५, १०, ५ आणि ७.१९५. पण पट्टा तुटायचा नियम इथेही आहे. ३५ किलोमीटरवर पाचवी बदली ३ तास ३० मिनिटांच्या आत व्हायला हवी.

आज दुपारी टीम एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये जमली. कॅप्टनबाईंनी टेबलावर कागद ठेवला. २७, ५६, ३१, ६६, २९. बेरीज २०९ मिनिटं. हातात एक मिनिट. त्यातले ६६ माझे. दहा किलोमीटरचा माझा आजवरचा बेस्ट ६५ आहे, तोही डिसेंबरातल्या गार पहाटे, सपाट रस्त्यावर.

मी दादाला मराठीत म्हटलं, "मला पाचवाला टप्पा द्यायला सांग ना रे." त्याने सांगितलं. कॅप्टनबाईंनी शांतपणे ऐकलं, बाकीच्यांकडे बोट दाखवत दोन वाक्यं बोलल्या. दादा म्हणाला, "एकाचा गुडघा गेलाय, दुसऱ्याने तीन महिन्यांत पाचच्या वर पळून पाहिलेलं नाही. तूच आहेस." मग सगळ्यांनी गरम उदोन मागवलं आणि विषय संपला. जपानी लोक आग्रह करत नाहीत म्हणतात. गरजच पडत नाही त्यांना.

शेवटचा टप्पा ज्यांचा आहे त्यांना मी मनातल्या मनात अँकरकाका म्हणते. इथेही कंपन्यांचं वर्ष आपल्यासारखंच मार्चला संपतं, आणि काका या मार्चअखेर रिटायर होतायत. गेल्या वर्षी चार मिनिटांनी पट्टा चुकला आणि ते संयोजकांचा पांढरा पट्टा घालून पळाले. हे मला दादाने परतताना, रस्त्यात सांगितलं. काका त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. उलट रेस्टॉरंटबाहेर त्यांनी गळ्यातला मफलर काढला आणि मला पट्ट्याची बदली शिकवली. ठाणं दिसलं की पट्टा काढायचा, दोन्ही हातांत ताणून धरायचा, म्हणजे पुढच्याला नीट पकडता येतो. घेणाऱ्याने पळत पळतच उजव्या खांद्यावरून घालायचा आणि लोंबणारं टोक शॉर्टमध्ये खोचायचं. पार्किंगमध्ये आम्ही पाच वेळा केलं. पाचव्यांदा मफलर त्यांच्या हातात गेला तेव्हा ते खरंच वीस पावलं पळून गेले, आणि हसत परत आले.

आता साडेनऊ वाजलेत. वहिनीने मऊ भात आणि मेतकूट दिलं, तिखट अजिबात नाही. दादा शांत कर म्हणून कानाकुरी शिझोची गोष्ट सांगत होता. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अर्धवट राहिली, ती त्यांनी १९६७ साली तिथे जाऊन पूर्ण केली. वेळ लागला ५४ वर्षं, ८ महिने आणि वर काही दिवस. मी म्हटलं, त्यांना पुढे कुणाला पट्टा द्यायचा नव्हता.

सकाळी नदीवर हलकं पळून आले तेव्हा वारा उत्तरेचा होता. उद्याही तोच सांगितलाय. माझे पहिले पाच किलोमीटर वाऱ्याच्या तोंडावर, पुढचे पाच वारा पाठीशी. पहिले पाच ३४ मध्ये, मग ३२. मोबाइलवर तीनदा करून पाहिलं, बेरीज ६६ च येते.