घाटकोपरचा वडापाव आणि घशाखालची वाट

मुंबईला पाहुणे म्हणून गेलात की कोणीतरी तुम्हाला घाटकोपरला नेतेच. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून लोकलची आणि मेट्रोची गर्दी इथे एकत्र होते. पूर्वेला वल्लभबाग गल्लीत संध्याकाळी डोसे, पावभाजी, पाणीपुरी यांचा घमघमाट सुटतो. ती सावकाश खाण्याची जागा. पण स्टेशनाबाहेर वडापावच्या गाडीपाशी जरा उभे राहून बघा. माणूस चार घासांत वडापाव संपवतो आणि शेवटचा घास तोंडात असतानाच जिन्याकडे धावतो. ही घाई पाहुण्यांनाही चटकन लागते, म्हणून त्या घासाचे पुढे काय होते ते सांगतो.

घरचा बैल आठवा. तोही वैरण भराभर गिळतो. पण गोठ्यात बसला की तीच परत तोंडात आणून निवांत रवंथ करतो. त्याच्या पोटाला चार कप्पे आहेत, त्याला ते जमते. आपल्याला चावायचे ते एकदाच.

दात घास बारीक करतात, लाळ त्याला भिजवते. दिवसाला लिटर-दीड लिटर लाळ सुटते, आणि ती नुसते पाणी नव्हे. पाव, बटाटा, भाकरी यांतल्या पिष्टमय भागाची ती साखर करू लागते. भाकरीचा कोरडा तुकडा मिनिटभर चावून बघा, गोड लागेल. दात गेलेली म्हातारी माणसे भाकरी दुधात कुस्करून खातात, तेव्हा दातांचे काम हात करत असतात.

घशात दोन वाटा आहेत, पुढची श्वासाची, मागची अन्नाची. गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडते आणि श्वास क्षणभर थांबतो. धाप लागलेली, त्यात बोलणे चालू. अशात झाकण चुकले की ठसका लागतो. मोठा तुकडा अडकला तर जिवावर बेतते. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नयेत ते यासाठीच, आणि कडेवर घेऊन गाडी पकडताना तर त्यांच्या तोंडात काहीच नको.

पुढे अन्ननलिका, सुमारे २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. घास तिच्यातून नुसता खाली पडत नाही. तिचे स्नायू मागून आवळत त्याला ८-१० सेकंदांत जठरात ढकलतात. आडवे निजूनही गिळता येते ते त्यामुळे.

जठरात तीव्र आम्ल आणि पाचकरस सुटतात, आणि त्याच्या भिंती ताक घुसळावे तसे अन्न घुसळतात. आतून बुळबुळीत थर असतो म्हणून जठर स्वतः भाजत नाही. न चावलेला बटाट्याचा गोळा इथे आला की घुसळण लांबते, कारण जठराला दात नाहीत. खालचे दार थोडे थोडेच उघडते, आणि तेलकट अन्नाला तर अधिकच वेळ लावते. संध्याकाळी सातला घाटकोपरला घाईत गिळलेला वडा, दोन तासांनी तुम्ही कसाऱ्याला उतराल तेव्हाही बराचसा जठरातच असतो.