आमचा तौक्ते

१६ मे २०२१ ला वादळ देवगडच्या समुद्रातून वर सरकलं, तेव्हा आमच्या वाडीत वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती आणि कोरोनामुळे कुणाकडे जाऊन बसायचीही सोय नव्हती. वारा पडल्यावर बाबा मांगराकडे गेले, मागोमाग मी. पत्रे उडालेले, माडाचा शेंडा मोडून आत आलेला आणि सोडणांच्या ढिगात काहीतरी कुंईकुंई करत होतं. बाबांनी सोडणं उपसली. भिजून उंदराएवढं झालेलं पिल्लू निघालं. डोळे नुकते उघडलेले, शेपटीच्या टोकाला पांढरा ठिपका. त्याची आई काही आली नाही.

घरात मोती, राजा, वाघ्या अशी नेहमीची नावं निघाली. पण सगळ्यांच्या तोंडी तेव्हा एकच नाव होतं, तेच मी ठेवलं. शेजारचे आबा भडकले. ‘‘माझ्या मांगराची कौलां उडयल्यान मेल्यान, नि तू त्याचा नाव कुत्र्याक ठेवलंस?’’ मुंबईच्या आत्याचा फोन लागला तेव्हा तीही म्हणाली, बदल ते नाव. तिचं म्हणणं वावगं नव्हतं. मुंबई हायजवळ पी-३०५ तराफा बुडून सत्तरहून अधिक माणसं गेली होती. पण तोवर पिल्लू हाकेला धावत यायला लागलं होतं. हाकेला येणाऱ्या कुत्र्याचं नाव बदलू नये, असं माझं मत.

वीज आल्यावर नावाचं मूळ शोधलं. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रातल्या वादळांसाठी तेरा देशांनी प्रत्येकी तेरा नावं दिली आहेत. ही १६९ नावांची यादी हवामान खात्याने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केली. त्याच जूनमध्ये रायगडला झोडपून गेलेलं ‘निसर्ग’ हे तिच्यातलं पहिलं, बांगलादेशाने दिलेलं. ‘तौक्ते’ म्यानमारचं. अर्थ काय, तर मोठ्याने ओरडणारी पाल! आई म्हणाली, ‘‘शी! कुत्र्याचं नाव पाल?’’ आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

नाव लहान आणि उच्चारायला सोपं असावं, असा त्या यादीचा नियम आहे. म्हणे सोपं! मूळ उच्चार ‘ताउते’च्या जवळचा, इंग्रजी स्पेलिंग वाचून आपण त्याचं तौक्ते केलं. वाडीने त्याचाही ‘तौक्तो’ केला, पोरं ‘ताऊ’ म्हणतात, आणि आबा, ज्यांना नावच मान्य नव्हतं, ते रोज संध्याकाळी माशाची डोकी घेऊन ‘‘ये रे मेल्या’’ एवढंच ओरडतात. तो सगळ्यांना ओ देतो. ढग गडगडले की मात्र कुणालाच देत नाही, पडवीतल्या बाकड्याखाली शिरतो.

एकदा वापरलेलं नाव आपल्याकडच्या समुद्रात पुन्हा वादळाला देत नाहीत. तेव्हा यापुढे वाडीत कुणी ‘तौक्तो इलो’ म्हणून ओरडलं, तर घाबरू नका. चपला तेवढ्या उचलून ठेवा.