कुत्र्याची जात निवडताना



गेल्या दिवाळीत नातवाने हट्ट धरला, "आजी, आपण कुत्रा आणू या." तो नऊ वर्षांचा. त्याला निळ्या डोळ्यांचा हस्की हवा होता. मुलाला राखणीसाठी जर्मन शेफर्ड, सूनबाईंना मांडीवर बसणारा पग. ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "शेवटी सगळं हिच्याच गळ्यात पडणार. हिलाच विचारा."

मी लगेच हो म्हटलं नाही. कारण टायगर.

१९९३ साली आमच्याकडे टायगर आला. अल्सेशियन, पिल्लू असतानाच अस्वलासारखं गुबगुबीत. जातीची चौकशी एवढीच केली, की दिसायला रुबाबदार आणि चोर घाबरतात. मी त्याला दोन वेळा दूध-भाकरी घालायची. आपल्या घरात दुसरं काय मिळणार? दिवसभर तो जिन्याखाली साखळीला बांधलेला. वर्षभरात अंगावरचं तेज गेलं, बरगड्या दिसू लागल्या. एके दिवशी साखळी सुटली आणि त्याने शेजाऱ्यांची कोंबडी मारली. सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. जुनी माणसं म्हणायचीच, हिंस्र जनावर पाळलं की त्याच्या हिंसेचा वाटा आपल्याला येतो. टायगरला ओळखीच्यांच्या मळ्यावर पाठवलं. टेम्पोत चढताना तो माझ्याकडेच बघत होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी दशलक्षण पर्वात मंदिरात स्वाध्याय चालू होता. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपेना इतका भार घालणं, खाणंपिणं तोडणं. मी तिथेच गप्प झाले. कोंबडी टायगरने मारली खरी, पण बंध आणि अन्नपाननिरोध हे दोन दोष माझ्या खात्यावर होते. भाकरी पोटभर होती, पण त्याच्या देहाला जे लागतं ते त्यात नव्हतं.

म्हणून या वेळी मी बी.कॉम.ची सवय बाहेर काढली. वही घेतली, रेघा मारल्या आणि प्रत्येक जातीचं जमा-नावे मांडलं. आपल्याला काय आवडतं हा रकाना ठेवलाच नाही. त्या जनावराला काय लागतं आणि ते आपण देऊ शकतो का, एवढंच लिहिलं.

हस्की बर्फातल्या गाड्या ओढणारा, अंगावर केसांचे दोन थर. सांगलीचा एप्रिल-मे त्याला कसा सोसायचा? पगचं नाक इतकं चपटं, की श्वास घ्यायलाच त्रास होतो. आपल्याला गोड दिसावा म्हणून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या त्याला तसा घडवला. डॉबरमनचे कान-शेपूट कापतात, तो तर सरळ छेदच. जर्मन शेफर्डला रोज भरपूर व्यायाम आणि डोक्याला काम लागतं. ते देणारं घरात कोणी नाही हे टायगरने शिकवलंच होतं. शेजारच्या काकांनी मुधोळ सुचवला, "आपल्या बाजूचा कुत्रा आहे, वहिनी." खरंच देखणा. २००५ साली त्याच्यावर पोस्टाचं तिकीटही निघालं. पण तो नजरेने सावज हेरून धावणारा शिकारी. आमच्या अंगणात खारी आणि मांजरं. पुन्हा तेच व्हायचं.

मग मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले आणि स्पष्टच विचारलं, आमच्या घरात मांस, अंडं येणार नाही, तर कुत्रा पाळावा की नाही? त्यांनी सांगितलं, मांजराला मांसाशिवाय चालत नाही. कुत्र्याचं तसं नाही, त्याला धान्य पचतं. पण दूध-भाकरी म्हणजे आहार नव्हे. प्रथिनं आणि कॅल्शियम यांचा हिशेब जमवावा लागतो, मधूनमधून रक्त तपासावं लागतं. त्यातही मोठ्या जातीचं पिल्लू भराभर वाढतं, त्याच्या हाडांना आहारातली चूक सोसत नाही. जमणार नसेल तर आणू नका.

घरी येऊन वहीत आणखी एक बेरीज केली. माझं वय ६६. कुत्रा साधारण बारा वर्षं जगतो. ६६ अधिक १२ म्हणजे ७८. नातू तेव्हा एकवीस वर्षांचा, कुठेतरी शिकायला. मग पिल्लू कशाला हवं? जातीइतकंच वय महत्त्वाचं, हे मला त्या बेरजेने सांगितलं.

डॉक्टरांनीच दोन महिन्यांनी फोन केला. कोल्हापूरचं एक शाकाहारी कुटुंब परदेशी निघालं होतं. त्यांची लॅब्राडॉर पाच वर्षांची, लहानपणापासून शाकाहारावर, रक्ताचे रिपोर्ट चांगले. लॅब्राडॉर मूळचा शिकाऱ्याचा सोबती, पाडलेला पक्षी दात न लावता अलगद उचलून आणणारा. माणसांत रमतो, मुलांशी जमतं. दोष म्हणाल तर खादाडपणा. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना आढळलं, की जवळजवळ चौथा हिस्सा लॅब्राडॉरमध्ये भूक न भागण्याशी जोडलेला जनुकातला बदल असतो. म्हणजे वाटीने मोजूनच वाढायचं.

तिचं नाव चेरी. नातवाने आठवडाभर निळ्या डोळ्यांची आठवण काढली, आता तो तिच्याच पाठीवर डोकं टेकून अभ्यास करतो. तिला शाकाहारी तयार खाद्य, त्यावर थोडं पनीर नाहीतर दही. दोन्ही वेळा मापून, संध्याकाळचं आमच्याबरोबर सूर्यास्ताआधी. कुत्र्यांना कांदा-लसूण विषारी असतो, आपल्या स्वयंपाकघरात तो प्रश्नच नाही. पण द्राक्षं आणि बेदाणेही त्यांना घातक. सांगलीच्या घरात बेदाणे नाहीत असं होतं का? डबा आता वरच्या फळीवर गेलाय. साखळी फक्त फिरायला नेताना.

सहा महिन्यांनी रक्त तपासलं, सगळं ठीक. तो कागद मी वहीत लावून ठेवलाय. पुढचा तसा आला नाही तर काय, हा प्रश्न ह्यांनी विचारला. मी म्हटलं, डॉक्टर सांगतील तसा आहार बदलू, मला जड गेलं तरी. या वेळी टेम्पो येणार नाही.

क्षमावाणीला दरवर्षी आपण एकमेकांची क्षमा मागतो. यंदा मी मनातल्या मनात टायगरचंही नाव घेतलं. चेरी पायाशी झोपली होती.

मिच्छामि दुक्कडम्.