मुंबई–नागपूर, दीड तास

माहेर नागपूरचं म्हटलं की मुंबईत पहिला उद्गार ठरलेला: “अगं बाई, केवढं लांब!” सकाळी दिल्लीला जाऊन रात्री घरी परतणारी माणसंही हेच म्हणतात. खरं तर दिल्ली नागपूरहून कितीतरी दूर. मुंबई-नागपूर हवाई अंतर सुमारे ६९० किलोमीटर, विमान दीड तासात पोचवतं. हिवाळ्यात वर आभाळात पश्चिमेचा वारा जोरात असतो, तेव्हा जाताना थोडी मिनिटं वाचतात आणि येताना जास्त लागतात, एवढाच काय तो फरक.

रूळ मात्र कसाऱ्याचा घाट चढून नाशिक, मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असा वळसा घेत जातात. ते अंतर भरतं ८३७ किलोमीटर. विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी निघते आणि सकाळी नागपूरला उतरवते. जून २०२५मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा.

मी विमानात उजवीकडची खिडकी मागते. आभाळ स्वच्छ असेल तर सह्याद्रीचे कडे मागे पडल्यावर पैठणचा नाथसागर चमकताना दिसतो, आणि मग मैलोन् मैल काळी जमीन. संध्याकाळच्या विमानाने निघालं तर अंधार झपाट्याने समोर येतो. नागपूर मुंबईच्या सहा अंशांहून थोडं जास्तच पूर्वेला. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे तिथे सूर्य पंचवीसेक मिनिटं आधी मावळतो. मुंबईत गॅलरीत ऊन असताना आईला फोन करावा, तर तिकडे तिचा देवाजवळ दिवा लावून झालेला असतो. “केव्हा येऊन राहिली?” हा तिचा प्रश्न. किलोमीटर तिने कधी विचारले नाहीत.

नागपूर ‘लांब’ नव्हतं असाही एक काळ होता. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही दिशांनी विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर एकत्र यायची. सारं शहर झोपलेलं, आणि धावपट्टीशेजारी टपालाच्या थैल्या या विमानातून त्या विमानात चढताहेत, पेंगुळलेले प्रवासी विमान बदलताहेत. पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात, तेही नागपूरवरून! हे आठवलं की मला आजही अभिमानाने भरून येतं. देशाच्या मधोमध असण्याचं तेव्हा चीज झालं होतं.

१९५६ साली नागपूरचं राजधानीपण गेलं. आता हिवाळी अधिवेशनापुरतं सरकार येतं, विमानं भरतात, हॉटेलं भरतात, आणि अधिवेशन उरकलं की परतीची घाई. नागपूरकर मात्र शिक्षणाला, नोकरीला, मंत्रालयात अडकलेल्या फायलीमागे मुंबई गाठत असतात; मुंबई लांब आहे असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ज्याला जावंच लागतं, तो अंतराची तक्रार करत बसत नाही. लांब म्हणण्याची चैन ज्यांना न जाता चालतं त्यांची, आणि विदर्भाच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेत तिचा वाटा मोठा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा एकदा या. पावसाळा सरला, आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की या. अधिवेशनाला नको, कामाला नको, नुसतेच चार दिवस राहायला या.