कुत्र्याचं लॉज

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई चालू होते आणि जुन्नर भागात ऊसतोडही तेव्हाच जोरात असते. ऊस तुटला की त्यातला बिबट्या बाहेर पडतो, दुसरं रान शोधत रात्री वस्त्यांच्या कडेनं फिरतो. आणि नेमके त्याच दिवसांत आपण घराला कुलूप लावून लग्नाला जातो. कुत्रं साखळीला, शेजाऱ्याला निरोप, "भाकरी टाक रे दोन टायमाला."

साखळीचं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट. मोकळं असलं तर निदान पळायला जागा असते. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं 39 टक्के वाटा कुत्र्याचा निघाला. शेळ्या त्या भागात कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरी त्यांचा वाटा 11 टक्केच.

आता वस्तीवर गाया असल्या की धारेला कुणीतरी येणारच. आमच्याकडं पुतण्या येतो, रात्री झोपायलाही थांबतो. पण आमचा वाघ्या घरच्या माणसांशिवाय कुणाला गोठ्याकडं फिरकू देत नाही. पोरगं धार काढणार का कुत्रं आवरणार? म्हणून गेली तीन वर्षं चार दिवस बाहेर जायचं असलं की वाघ्याला तालुक्याच्या गावाजवळ एका पोरानं काढलेल्या बोर्डिंगला ठेवतो. दिवसाचे 400 रुपये. "माणसाला लॉज परवडंना आन कुत्र्याला लॉज!" असं भावकीत हसले. हसू द्या. चार दिवसांचे 1600 होतात. त्यात वाघ्याही सलामत आणि पुतण्याची पोटरीही.

राखण कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. पण घरात माणूस नसताना बांधलेलं कुत्रं नुसतं भुंकतं, ते ऐकून उठणारं कुणी नसतं. राखणीला माणूसच लागतो.

जागा मात्र बघून घ्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या पोरानं आधी लसीचं कार्ड मागितलं. तिथंच मला जागा पटली. जो कार्ड मागत नाही त्याच्याकडं कुत्रं ठेवूच नका, कारण पार्व्होचा विषाणू विष्ठेतून पसरतो आणि मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. रेबीजची आणि पार्व्हो-डिस्टेंपरची लस आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही, अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात. प्रत्येक कुत्र्याला वेगळा खण पाहिजे, वरूनही जाळी पाहिजे. फरशीला उतार हवा, मुताचं पाणी साचता कामा नये. जनावरांचा डॉक्टर किती लांब आहे तेही विचारा. माजावर आलेली कुत्री असली तर आधी सांगा, बरेच जण ठेवून घेत नाहीत.

खाण्याचं एक ध्यानात ठेवा. आपलं कुत्रं बाजरीची भाकरी आणि दूध-ताकावर वाढलेलं. तिथं एकदम कोरडं पाकिटातलं खाणं सुरू झालं की हगवण लागते. मी भाकरीचं पीठ बरोबर देतो, त्या पोराची आई थापून घालते. सगळीकडं असं होणार नाही, तिथं आठ दिवस आधीपासून घरीच थोडं थोडं पाकिटातलं मिसळून सवय लावा. बरोबर त्याचं रोजचं गोणपाट द्या, घरचा वास असला की लवकर निवतं. पहिली रात्र तरीही ओरडतंच.

परत आणलं की कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायची, मगच मोकळं सोडायचं. वाघ्या आला की दिवसभर नुसता झोपतो, तिथं बाकीच्यांच्या भुंकण्यानं झोप होत नसणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोठ्याच्या दारात.

दिवाळीत आणि लग्नाच्या दाट तिथींना जागा मिळत नाही. गणपती उठले की फोन करून नाव लावून ठेवा.