फोन वाजला की उचलायचा

2004 साली 'हेलो 2' हा गेम येण्याआधी 'आय लव्ह बीज' नावाची साइट दिसू लागली. मधमाश्यांची साधी साइट, पण हॅक झाल्यासारखी. तिथल्या आकड्यांतून चाहत्यांनी ठिकाणं नि वेळा हुडकल्या आणि अमेरिकेतल्या रस्त्यांवर पब्लिक फोनपाशी जाऊन उभे राहिले. फोन उचलला की गोष्ट पुढे सरकायची. जाहिरातच ती! पण चाहत्यांवाचून अडणारी.

मध्यंतरी एका मोबाइल गेमने आम्हा खेळणाऱ्यांकडून पोस्टरं मागवली. मित्रांना टॅग करा, चित्राचे सगळे हक्क कंपनीचे. बदल्यात एक स्किन, तीही महिनाभरच. चाहत्यांना जरूर बोलवावं, पण खेळायला. यांना पोस्टर चिकटवणारी पोरं हवी होती, फुकटात.

चित्र मी पूर्ण केलं, पाठवलं नाही. सध्या माझ्या फोनचा वॉलपेपर आहे.